पात्राकडे बघतंय कोण?

कथालेखनाच्या शिबिरांत हल्ली पहिल्याच दिवशी एक तक्ता हातात ठेवतात. पात्राचं नाव, वय, गाव, शिक्षण, आवडता पदार्थ, लहानपणीचा एखादा घाव, सगळ्यात मोठी भीती. तक्ता भरला की पात्र उभं राहतं, आणि त्यात दोन गुण, दोन अवगुण टाकले की ते बहुपेडी होतं, असा सगळ्यांचा समज असतो. मालिका आणि वेबसीरिजवाल्यांनी याला ‘ग्रे शेड’ असं झकास नाव दिलंय. चौथ्या भागापर्यंत माणसं मारणाऱ्या खलनायकाला पाचव्या भागात अंथरुणाला खिळलेली आई मिळते, आणि समीक्षक लिहितात, व्यक्तिरेखा खोल आहे.

तक्त्याचं वाईट काही नाही. लिहिणाऱ्याला धीर येतो, सुरुवात करता येते. पण त्यातून निघालेली बरीचशी पात्रं रेशनकार्डावरच्या फोटोसारखी असतात: माणूस तोच, ओळख पटते, जीव मात्र नाही. असं का होतं हे शोधायला पाश्चात्त्य लेखनतंत्राची पुस्तकं चाळायची गरज नाही. मराठी कादंबरीचा 1857 पासूनचा ऐवज हाताशी आहे. तो या प्रश्नापुरता नजरेखालून घातला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. पात्राचे थर त्याच्या पोटात भरून ठेवलेले नसतात. पात्र आणि त्याच्याकडे बघणारा, त्याच्याविषयी सांगणारा, यांच्यातल्या अंतरात ते तयार होतात. अंतर चुकलं की कितीही तपशील ओतला तरी माणूस सपाटच राहतो.

‘सपाट’ आणि ‘गोलाकार’ ही जोडी आली ई. एम. फॉर्स्टर यांच्याकडून. केंब्रिजला दिलेली त्यांची व्याख्यानं 1927 साली पुस्तकरूपाने आली, आणि आपल्याकडे एम.ए.च्या प्रश्नपत्रिकांत ती जोडी कायमची वस्तीला आली. (हे गृहस्थ 1921 मध्ये थोरल्या पातीच्या देवासला, म्हणजे पवारांच्या मराठी संस्थानात, महाराजांचे खासगी चिटणीस होते. तिथल्या दरबारी गोंधळावर त्यांनी पुढे एक अख्खं पुस्तक लिहिलं.) फॉर्स्टर यांची कसोटी सोपी होती: पात्र आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं का? करत असेल तर ते गोलाकार. पण सपाट पात्रं कमअस्सल, असं ते म्हणाले नव्हते. डिकन्सची माणसं सपाट असूनही कशी सळसळतात, याचं त्यांना कौतुक होतं. आपल्या प्राध्यापकांनी ते कौतुक गाळलं आणि सपाट म्हणजे नापास असा शिक्का तयार केला.

त्या शिक्क्याने चिं. वि. जोशींचा चिमणराव नापास व्हायला हवा. गुंड्याभाऊ तर नक्कीच. दोघेही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एका रेघेने बदलत नाहीत, आणि तरी आज तिसरी-चौथी पिढी त्यांना ओळखते. कारण चिमणराव स्वतःची फजिती स्वतः सांगतो, आणि सांगताना आपण किती शहाणे आहोत हे ठसवायची त्याची धडपड सुटत नाही. तो जे सांगतो आणि आपल्याला जे दिसतं, त्यात फट आहे. हसू त्या फटीतून येतं, आणि माणूसही.

सुरुवातीच्या कादंबऱ्यांत ही फट नव्हती. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ (1857) विधवांच्या हालांविषयी कळकळीने बोलतं, पण त्यातली माणसं मुद्दा पोचवण्यापुरती येतात. ‘मुक्तामाला’ (1861) मध्ये सज्जन सज्जन आणि दुर्जन दुर्जन. वाचकाने कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे लेखकाने आधीच ठरवून दिलेलं असतं.

हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो!’ ‘करमणूक’मध्ये 1890 पासून क्रमशः छापली, तेव्हा एक धाडस केलं. सगळी गोष्ट यमूच्या तोंडी दिली. यातलं बाईच्या तोंडी सुधारणेचा विचार देण्याचं धाडस सगळ्यांना दिसतं. कारागिरीचं धाडस वेगळं आहे. सांगणारी यमू पोळलेली, विधवा झालेली, सगळं भोगून बसलेली आहे. जिची गोष्ट ती सांगते ती यमू माहेरी खेळणारी, सासरी बुजणारी पोर आहे. दोघींच्या मधे दहा-बारा वर्षं आणि एक उद्ध्वस्त आयुष्य आहे. लहान यमूला जे कळत नाही ते मोठीला कळतं, पण ती फार मधे बोलत नाही. बाहुल्यांचा खेळ सांगतानाही त्या वाक्याच्या मागे कोणी उभं आहे असं वाटत राहतं. शंकरमामंजी हा घरातला ढोंगी, कारस्थानी नातेवाईक तसा एका रंगाचाच आहे. पण सासरच्या घरात दबून राहणाऱ्या सुनेला तो जसा दिसेल तसा तो आपल्याला दिसतो: दाराआडून, आवाजावरून, दुसऱ्याच्या सांगण्यावरून. म्हणून त्याची भीती वाटते. हाच माणूस सर्वसाक्षी लेखकाने वर्णन केला असता तर नाटकातला काळ्या मिशांचा खलनायक झाला असता.

पुढच्या काही दशकांवरून मी झपाट्याने जाईन. वामन मल्हारांची पात्रं बुद्धिमान आहेत, ती वाद चांगला घालतात. ‘इंदु काळे व सरला भोळे’ (1934) मध्ये त्यांनी पत्रांचा घाट वापरून लेखकाला मागे सारलं, हे मोठंच काम. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’ (1931) मध्ये तंत्र शिकवलं, आणि त्यांची माणसं त्या तंत्राइतकीच इस्त्रीची आहेत. खांडेकरांची पात्रं बोलायला लागली की खांडेकर बोलतात. ‘ययाति’ (1959) तीन जणांच्या तोंडून येते, ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, पण तिघांच्या उपमा एकाच कपाटातल्या. याच काळात विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ (1933) ने शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींना स्वतःच्या इच्छेविषयी बोलायला लावलं, आणि लेखिकेच्या टोपणनावामागे कोण आहे याचा शोध पुस्तकापेक्षा जास्त गाजला. पुण्याला शोभेल असंच झालं.

खरा सांधा बदलतो तो स्वातंत्र्यानंतर. गाडगीळ, गोखले वगैरे नवकथेची मंडळी मनाच्या आत शिरली, हे सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते व्यंकटेश माडगूळकर, कारण ते आत शिरतच नाहीत.

‘बनगरवाडी’ (1955) तला सांगणारा राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर त्याची नेमणूक झाली आहे. तो बाहेरचा. त्याला गावाची नाती, जुनी भांडणं, मेंढरांच्या खुणा, यातलं काही माहीत नाही. तो गावकऱ्यांच्या मनात काय चाललंय हे सांगत नाही, कारण त्याला ते ठाऊक नसतं. तो सांगतो ती कामं: कोणाची मनिऑर्डर लिहून द्यायची, कोणाचं पत्र वाचायचं, तालुक्याहून काय आणायचं. कारभाऱ्याच्या अंजीची चोळी शिवून आणायचं कामही असंच त्याच्या अंगावर येतं, आणि तेवढ्यावरून गावात कुजबुज होते. इतके दिवस मास्तरच्या पाठीशी उभा असलेला कारभारी फिरतो. तो का फिरला, त्याचा मान दुखावला की मुलीची काळजी, की भरीला घालणाऱ्यांनी त्याला भरीला घातलं, हे माडगूळकर सोडवून देत नाहीत. मास्तरही चाचपडतो, आपणही. कारभारी म्हातारा आहे, कर्तबगार आहे, हट्टी आहे, ही विशेषणं पुस्तक बंद केल्यावर आपण लावतो. पुस्तकात ती जवळजवळ नाहीत. शेकूला नांगराला दुसरा बैल मिळत नाही तेव्हा त्याची बायको जोखडाला खांदा देते. त्या जागी तिच्या मनात काय आलं याचं एक वाक्यही घातलं असतं तर ती बाई छोटी झाली असती.

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ (1960) मध्ये सांगणारा कादंबरीतलं पात्र नाही, तरी अंतर नेमकं सांभाळलंय. कौतिक ही वऱ्हाडातल्या शिंप्याची बायको. नवरा महादेव आळशी, मुलांची पोटं भरायची. तिची जिद्द मोठी, हे सांगणारे लेख पुष्कळ आहेत. पण त्या जिद्दीत ताठा आहे, नवऱ्याला टोचून बोलणं आहे, आणि तिने रेटलेले काही बेत संसाराला महाग पडतात, हे शेळके लपवत नाहीत आणि त्यावर शेराही मारत नाहीत. तिची बोली वऱ्हाडी, निवेदन प्रमाण मराठीत. दोन्ही भाषा शेजारी नांदतात आणि एकमेकींवर मात करत नाहीत. बोली आली की पात्र आपोआप खरं होतं, असं पुढे अनेकांनी मानलं. तसं होत नाही. बोलीतही सपाट माणसं ढिगाने लिहिता येतात, आणि लिहिली गेली.

1963 च्या ‘कोसला’त पांडुरंग सांगवीकर स्वतःविषयी बोलतो आणि स्वतःच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही. मेसच्या कारभारात हात पोळतात, मित्र वापरून घेतात, वडील पैशाचा हिशेब मागतात, आणि हे सगळं तो ‘वगैरे’च्या मागे लपून सांगतो. मनी ही धाकटी बहीण देवी येऊन मरते, तिथे ती लपण्याची जागा उरत नाही. एका माणसाच्या भाषेला अशी मोड आली की त्याच्या आत काय आहे ते वर येतं. वडिलांचं उदाहरण तर आणखी बारीक आहे. पांडुरंगला ते सहन होत नाहीत, आणि आपल्याला मात्र त्याच्याच तक्रारींतून गावात मान असलेला, मुलाने नाव काढावं म्हणून पैसा ओतणारा, त्याला न समजणारा बाप दिसतो. सांगणारा अन्याय करतो आणि तो अन्याय वाचकाला कळतो, ही सोय फार थोड्या कादंबऱ्यांनी वापरली.

आता तुलनेसाठी दोन पुस्तकं शेजारी ठेवतो. दोन्ही अशा माणसांवर आहेत ज्यांची गोष्ट महाराष्ट्राला आधीच पाठ आहे.

शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ (1967) सहा जण सांगतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण. कागदावर हे बहुपेडी व्यक्तिचित्रणाचं स्वप्नच. आई, मित्र, बायको, भाऊ, शत्रुपक्षातला देव, आणि खुद्द तो. पण पुस्तक मिटल्यावर कर्ण किती उरतात? एकच. सहाही जणांना तो तेजस्वी, दानशूर, दुर्दैवी वाटतो. सहाही जण त्याच भारदस्त भाषेत बोलतात. दुर्योधनाला कर्णाचा हेवा वाटला असेल का, वृषालीला द्यूतसभेतल्या कर्णाची लाज वाटली असेल का, हे प्रश्न आले तरी चटकन शांत केले जातात. लाखो वाचकांनी या कर्णावर जीव टाकला, तो खोटा म्हणता येणार नाही. पण तो थोरवीवर टाकलेला जीव आहे. सहा दिवे एकाच बाजूने लावले की सावली पडत नाही.

दि. बा. मोकाशींच्या ‘आनंदओवरी’त (1974) सांगणारा एकटाच आहे, तुकोबांचा धाकटा भाऊ कान्हा. तुकोबा दिसेनासे झालेत आणि तो इंद्रायणीकाठी त्यांना शोधतोय. कान्हा संत नाही. त्याला संसार आहे, पोरंबाळं आहेत. भावाने दुकान बुडवलं, घर वाऱ्यावर सोडलं, ही त्याची सल आहे. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं नदीत सोडली आणि कान्हाने आपला वाटा ठेवून घेतला, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो तेव्हा कान्होबा हा नुसता तळटीप असतो. मोकाशी ती तळटीप सांगणाऱ्याच्या जागी बसवतात. त्याचं भावावर प्रेम आहे, त्याला भावाचा राग आहे, भाऊ मोठा झाला हे त्याला कळतं आणि कसा मोठा झाला ते कळत नाही. या एका गोंधळलेल्या, चिडलेल्या, रडवेल्या नजरेतून जे तुकाराम दिसतात त्यांच्यात नवरा आहे, वाणी आहे, भाऊ आहे, आणि हाताला न लागणारा कोणी तरी आहे. सांगणारे सहा असण्याने थर येत नाहीत. सांगणाऱ्याला स्वतःचं देणं-घेणं असावं लागतं.

इथे शिबिरातल्या तक्त्याकडे जरा परत वळू. समजा नवशिक्या लेखकाने लिहिलं: ‘वसंतकाका वरून कंजूष, पण आतून प्रेमळ होते.’ गुण एक, अवगुण एक, तक्ता खूश. आता हेच पुतण्याला सांगू द्या. पुतण्या कॉलेजच्या फीसाठी पैसे मागायला आलाय. काका कपाट उघडतात, डायरी काढतात, तारीख टाकतात, नोटा मोजून देतात आणि पुतण्याला पुन्हा मोजायला लावतात. ‘रिक्षा कशाला, मी येतो स्टँडपर्यंत’ म्हणून भर उन्हात त्याच्याबरोबर चालत येतात. एसटी लागेपर्यंत थांबतात. बसायला जागा मिळाली का हे खिडकीशी येऊन बघतात, आणि मग म्हणतात, ‘दिवाळीपर्यंत निम्मे दे.’ पुतण्याला अपमान लागतो. घरी गेल्यावर आई विचारते, ‘काकू काय म्हणाल्या?’ त्याला आठवतं की काकू स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. डायरी कोणाला दाखवण्यासाठी लिहिली गेली, हा प्रश्न आता वाचकाच्या मनात आला. पुतण्याच्या मनात तो अजून आलेला नाही. काका प्रेमळ की कंजूष, हे कोणीच म्हणालेलं नाही.

या प्रसंगात पैसा आहे, हा योगायोग नाही. माणूस पैशाशी, भाकरीशी आणि नात्यातल्या मानपानाशी कसा वागतो यात मराठी घरातलं अर्धं चरित्र असतं. पेंडशांनी ते ओळखलं होतं. ‘गारंबीचा बापू’ (1952) मध्ये बापूचा उद्धटपणा जितका राधेच्या प्रेमात दिसतो तितकाच सुपारीच्या धंद्यात आणि खोतीच्या पायरीवर दिसतो. हाक मारण्याची रीतही तशीच. ‘अहो’चं ‘अरे’ झालं, किंवा सुनेने सासूला पहिल्यांदा ‘तू’ म्हटलं, की दोन पानांचं मनोविश्लेषण वाचतं.

थर कोणाला द्यायचे, हा मात्र कारागिरीपलीकडचा प्रश्न आहे. जुन्या कादंबरीत घरमालकाला मन होतं, मोलकरणीला फक्त काम होतं. गड्याला स्वामिनिष्ठा, मुसलमान दुकानदाराला दाढी, वेशीबाहेरच्याला एखादा करुण प्रसंग. ही सपाट माणसं वाटून दिलेली होती, जात आणि वर्ग बघून. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत (संग्रह 1963) नायक रेल्वेत नोकरीला लागतो आणि जात लपवतो. सवर्ण सहकारी त्याला डोक्यावर घेतो. आपण वाचताना प्रत्येक ओळीत दोन माणसं बघतो, तो दाखवतो तो आणि तो आहे तो. शेजारी काशिनाथ, जो काहीच लपवत नाही. इथे थर ही लेखकाची कलाकुसर उरत नाही. या समाजात जिवंत राहायचं तर अंगावर थर चढवावेच लागतात, आणि मार बसतो तेव्हा ते एकदम सोलले जातात.

अण्णा भाऊंचा ‘फकिरा’ (1959) याला अपवाद म्हणून दाखवतात: तो तर वीर आहे, सरळ आहे, द्विधा होत नाही. खरं आहे. पण जो समाज सरकारी कागदांत जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंदला गेला त्याच्या नायकाला आधी शंका आणि दुबळेपण वाटून द्यावं, ही मागणी कोणाच्या खुर्चीत बसून होते तेही बघायला हवं. फकिराला पोवाड्याचं माप आहे. फॉर्स्टरची पट्टी तिथे चालत नाही.

उलट ‘व्यक्ती आणि वल्ली’ (1962) ने नकळत एक खोड लावली. पुलंचा अंतू बर्वा कडवट आहे, कोकणी दारिद्र्याचा हिशेब तो विनोदात चुकता करतो, आणि लेखक मुंबईहून येणारा पाहुणा आहे हे तो एक क्षणही विसरू देत नाही. अंतर शाबूत आहे. नकलाकारांनी त्यातली लकब उचलली आणि अंतर टाकून दिलं. दिवाळी अंकांत अजून अशी माणसं येतात: एक विचित्र सवय, तीन किस्से, शेवटी डोळ्यांच्या कडा ओल्या. वाचून झालं की माणूसही संपतो.

नाटकाला निवेदक नसतो, तिथे हे कसं जमतं? तेंडुलकरांनी 1972 च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये दोन बायका दिल्या. सखाराम लक्ष्मीला पहिल्याच रात्री घरचे नियम ऐकवतो, रोखठोक, करार केल्यासारखे. तिच्या सहवासात तो पूजेला बसू लागतो. चंपा आली की त्याच घरात दुसराच सखाराम राहतो. दोघी एकाच वेळी घरात आल्या की त्याला कोणता सखाराम व्हावं ते कळेनासं होतं. आणि लक्ष्मी? ही मुंगळ्याशी गप्पा मारणारी, त्याला खाऊ घालणारी, देवभोळी बाई. चंपाची कागाळी तीच करते, आणि चंपाच्या प्रेतापाशी सखाराम थिजून उभा असताना पुरायचं कसं याची व्यवस्था तीच बघते. पहिल्या अंकातल्या लक्ष्मीशी हे विसंगत नाही. मुंगळ्यापाशी बसलेल्या बाईकडे आपणच कौतुकाने बघत होतो.

गेल्या पंचवीस वर्षांत चांगलं काम कुठे झालं, तर जयंत पवारांच्या गिरणगावातल्या कथांत, आसाराम लोमट्यांच्या मराठवाड्यातल्या कथांत, मेघना पेठ्यांच्या शहरी बायकांत. आणि सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (2002). तिथला एकनाथ शिकलेला, नोकरी न मिळालेला शेतकरी. त्याची बायको अलका शहरात वाढलेली. शेतीवरच्या कादंबरीत अशा बाईची जागा ठरलेली असते, ती कुरकुरते आणि शेतकऱ्याचं दुःख वाढवते. अलकाही कुरकुरते, भांडते, माहेरची वाट धरते. वाचक आधीच एकनाथच्या बाजूने झुकलेला असतो. पण तिचं बोलणं ऐकत गेलं, की पावसावर, बाजारभावावर आणि नसलेल्या नोकरीवर उभं केलेलं आयुष्य आपण का ओढायचं या तिच्या प्रश्नाला त्या घरात कोणाकडेच उत्तर नाही हे दिसतं. देशमुखही तिच्यासाठी वकिली करत नाहीत. ती वाईट ठरत नाही, आणि एकनाथही चूक ठरत नाही.